मुंबई-पुण्याचें अंतर

मुंबईहून पुणें किती लांब आहे, या प्रश्नाला एकच उत्तर असलें पाहिजे असें कोणालाही वाटेल. दोन्ही शहरें आपापल्या जागीं आहेत. त्यांच्यामधली जमीन वाढत नाहीं कीं आटत नाहीं. तरी पण तीन माणसांना विचारिलें तर तीन उत्तरें मिळतात. नकाशावर पट्टी ठेवून मोजणारा सुमारें १२० किलोमीटर सांगतो; जुन्या हिशेबानें हे सदतीस-अडतीस कोस झाले. मोटारवाला दीडशें सांगतो. आगगाडीचा मार्ग १९२ किलोमीटरांचा आहे. चौथा मनुष्य कोस किंवा किलोमीटर यांच्या भानगडींतच पडत नाहीं. तो ‘तीन तास’ म्हणून मोकळा होतो, आणि लागलीच ‘घाटांत अडकलें नाहीं तर’ एवढी पुस्ती जोडतो. या चौघांपैकीं शहाणा कोण तें वाचकांनीं ठरवावें. आम्ही त्या चौथ्याच्या बाजूचे आहों. कारण गेल्या अडीचशें वर्षांत या मार्गावर जें जें घडलें तें सारें त्याच्या त्या पुस्तींत आलेलें आहे.

मूळ अडचण उघड आहे. मुंबई हें बेट, आणि पुणें देशावर. मध्यें सह्याद्रि उभा. पूर्वीं मुंबईहून निघणारा मनुष्य प्रथम होडींत बसे आणि भरती पाहून पनवेलच्या खाडींत शिरे. म्हणजे प्रवासाचा आरंभच चंद्राच्या मर्जीवर. पनवेलपासून पुण्यापर्यंत सुमारें सत्तर मैलांची जमिनीवरची वाट. त्यांतली खोपोलीपर्यंतची चाल सोपी, आणि खंडाळ्यापासून पुढची तर त्याहून सोपी. मध्यें बोरघाट. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. चढ लागण्यापूर्वीं माणसाला आणि जनावराला पाणी पिऊन दम घेण्याची जागा तीच. पुढें घाटांत चाकाचें वाहन चालत नसे. पायीं, घोड्यावर, भोयांच्या खांद्यावर पालखींत, नाहींतर लदलेल्या बैलांच्या तांड्याबरोबर, अशा चारच रीती. त्या काळीं कोणी तास मोजीत नसत, मजला मोजीत. आणि मजल किती लांबीची हें जाणाऱ्याच्या पायांवर व पाठीवरच्या ओझ्यावर अवलंबून असे. जासूद कागद घेऊन धावे त्याची मजल निराळी, आणि सरंजामासह निघालेल्या सरदाराची निराळी.

या ओझ्याच्या हिशेबाचा जो धडा इंग्रजांना १७७८-७९ सालीं मिळाला त्याला तोड नाहीं. राघोबादादांना पुण्याच्या गादीचा कारभार मिळवून द्यावा या हेतूनें मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्यें मुंबईहून निघाली. लढाऊ माणसें चार हजारांच्या आंतबाहेर; पण त्यांचें सामान वाहण्यासाठीं बैल मात्र एकोणीस हजारांवर. मुख्य सेनापति कर्नल एगर्टन, आणि त्याच्या डोक्यावर मुंबई कौन्सिलानें नेमलेली कमिटी. पनवेलीस उतरून ही फौज घाट चढून खंडाळ्यास आली तेव्हां डिसेंबर संपत आला होता. वाचकांना वाटेल कीं, घाट चढला, आतां पुढें सपाटीच. मग विलंब कसला? पण विलंब तेथेंच झाला. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे अवघे आठ मैल चालण्यास या फौजेला अकरा दिवस लागले असें ग्रँट डफनें नमूद करून ठेविलें आहे. दिवसाला पाऊण मैलाहूनही कमी! एखादी म्हातारी बाई कार्ल्याच्या एकवीरेला नवस फेडावयास निघाली असती तरी ती या पलटणींच्या आधीं दहा दिवस पोंचली असती.

याचें कारण केवळ सेनापतीची मंदगति नव्हे. नाना फडणीस व महादजी शिंदे यांनीं समोरासमोर मोठी लढाई न देतां वाटेवरचा दाणागोटा व चारा नाहींसा करविला होता, आणि मराठी तुकड्या रोज कडेकडेनें लचके तोडीत होत्या. एकोणीस हजार बैलांना चारा लागतो. चारा नसला कीं बैल पुढें जात नाहीं, आणि बैल पुढें गेला नाहीं कीं तोफही जात नाहीं. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजीं कॅप्टन स्टुअर्ट पडला. हा शूर असल्यामुळें मराठ्यांनीं त्याला ‘इष्टुर फाकडा’ असें कौतुकाचें नांव दिलें होतें. फौज ९ तारखेस तळेगांवास आली तेव्हां गांव जळालेला होता. तेथून पुणें केवळ नऊ-दहा कोस. आज वडगांव-तळेगांवची मंडळी रोज सकाळीं लोकलनें पुण्यास कामावर येतात आणि संध्याकाळीं परत जातात, तेवढेंच हें अंतर. परंतु त्या फौजेला तें अंतर तुटलें नाहीं. मोठ्या तोफा तळ्यांत टाकून रात्रीं माघार घेण्यांत आली. मराठ्यांनीं वडगांवास कोंडी केली. आणि त्याच महिन्यांत इंग्रजांना वडगांवचा करार पत्करावा लागला. मुंबईहून पुण्यास निघून सुमारें दोन महिन्यांनींही न पोंचलेला असा हा प्रवास आहे. अंतराचा इतिहास लिहितांना पोंचलेल्यांची कथा सांगण्याची आपली खोड असते. पण हें न पोंचणेंच पुण्याला पुढें चोवीस वर्षें उपयोगी पडलें.

चोवीस वर्षें म्हणण्याचें कारण असें कीं, १८०३ च्या एप्रिलांत जनरल वेलस्ली बारामतीकडून सुमारें साठ मैलांची दौड बत्तीस तासांत मारून पुण्यांत शिरला. अमृतराव शहर जाळणार अशी बातमी त्याला लागली होती म्हणून ही घाई. ती वाट दक्षिणेकडची, आपल्या विषयाची नव्हे. पण अकरा दिवसांत आठ मैल आणि बत्तीस तासांत साठ मैल हीं दोन मापें शेजारीं ठेविलीं म्हणजे दरम्यान काय बदललें होतें तें कळतें. वेलस्लीनें बैलांची निवड, त्यांची वैरण व त्यांची चाल यांकडे स्वतः लक्ष पुरविलें होतें. पुढच्याच वर्षीं, १८०४ सालीं, त्यानें बोरघाटाची वाट तोफा जाण्याजोगी करून घेतली. या वाटेचें फळ १८१७ सालीं दिसून आलें. खडकीच्या लढाईपूर्वीं सहाच दिवस, ३० ऑक्टोबरला, मुंबईची गोरी पलटण लांब लांब मजला मारीत पुण्यास येऊन दाखल झाली. १७७९ सालीं जी तळेगांवाहून परत फिरली तीच मुंबई या वेळीं वेळेवर पोंचली. पेशवाई बुडण्याचीं कारणें अनेक सांगतात, व तीं खरींही आहेत. त्यांत बोरघाटांतल्या या रस्त्याचें नांव क्वचितच येतें.

पुढें १० नोव्हेंबर १८३० रोजीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें घाटांतला नवा गाडीरस्ता खुला केला. आतां पनवेलपासून पुण्यापर्यंत चाकावर जातां येऊं लागलें. बैलगाड्या वर चढूं लागल्या, टपाल जलद जाऊं लागलें, आणि मुंबईचे साहेबलोक पावसाळ्यांत पुण्याची हवा खाण्यास मोठ्या संख्येनें येऊं लागले. मराठी वाचकाला या रस्त्याचें एक निराळें ऋण आहे. भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ निघे मुंबईंत, आणि १८४८ पासून त्यांत ‘लोकहितवादी’ या सहीनें पत्रें लिहिणारे गोपाळ हरि देशमुख होते देशावर. पुण्याच्या समाजाला ज्या पत्रांनीं झोंबविलें तीं लिहिलीं गेलीं घाटावर, छापलीं गेलीं घाटाखालीं, आणि वाचलीं जाण्यासाठीं पुनः घाट चढून गेलीं.

यापुढची हकीकत आगगाडीची. ती या मार्गाच्या इतिहासांत सर्वांत मोठी आहे, आणि सर्वांत काळीही.

लोहमार्ग पनवेलच्या सरळ वाटेनें नेतां येण्यासारखा नव्हता, मध्यें समुद्र. म्हणून तो ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास, आणि तेथून दक्षिणेकडे वळून घाटाच्या पायथ्याशीं, असा लांबचा फेरा घेऊन नेला. आजचे १९२ किलोमीटर ते यामुळें. १२ मे १८५६ रोजीं गाडी खोपोलीपर्यंत येऊन थांबली. १४ जून १८५८ रोजीं वरच्या अंगाला खंडाळा ते पुणें हा भाग सुरू झाला. दोन्ही टोंकांना आगगाडी, आणि मध्यें डोंगर! पुढें पांच वर्षें ही मौज चालू होती. मुंबईहून वाफेच्या बळावर आलेला उतारू खोपोलीस उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी ठरवी, आजोबांच्या चालीनें घाट चढे, आणि खंडाळ्यास पुनः वाफेच्या हवालीं होई. वाटेचीं दोन्ही टोंकें एकोणिसाव्या शतकांत, आणि मधला तुकडा अठराव्या.

हा मधला तुकडा जोडण्याचें काम २४ जानेवारी १८५६ रोजीं सुरू झालें. लांबी पावणेसोळा मैल. चढ १८३१ फूट. बोगदे पंचवीस, आणि शिवाय दऱ्यांवरचे कमानींचे मोठाले पूल. जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य एंजिनियर जेम्स बर्कली यानें आंखणी केली, व फॅविएल नांवाच्या इंग्रज मक्तेदारानें काम घेतलें. कडे इतके तुटलेले होते कीं, काहीं ठिकाणीं मजुरांना दोरांनीं खालीं सोडून सुरुंगाचीं भोकें पाडावीं लागत. पावसाळ्यांत उघड्यावरचें काम बंद. उन्हाळ्यांत पाणी नाहीं, आणि असेल तें गढूळ. छपरांच्या वसाहतींतून पटकी फिरे. १८६१ च्या आरंभीं या पावणेसोळा मैलांवर एकाच वेळीं सुमारें बेचाळीस हजार माणसें राबत होतीं. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं. कोंकणांतून आणि देशावरून, जेथें पीक बुडालें तेथून, माणसें येत आणि छपरांत जागा मिळेल तशी राहत.

जानेवारी १८५९ मध्यें या मजुरांनीं दंगा केला. एक गोरा मनुष्य मेला. चौकशींत असें दिसून आलें कीं, मजुरी थकली होती, आणि मक्तेदार व मजूर यांच्यामध्यें जे पोटमक्तेदार होते त्यांच्या हातून ठरलेला पैसा पुरा खालीं उतरत नव्हता. पुढल्या वर्षीं सरकारनें रेल्वे, कालवे इत्यादि कामांवरच्या मालक-मजुरांच्या तंट्यांविषयीं कायदा केला. त्यांत मजुरीचे तंटे लौकर तोडण्याची सोय होती. पण त्याच कायद्यानें करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही ठरविली. दोहोंपैकीं अधिक लागू कोणतें झालें असेल त्याचा अंदाज वाचक करूं शकतील.

फॅविएलनें त्याच वर्षीं मक्ता सोडला. सालअखेरीस त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि येऊन पंधरवडाही झाला नाहीं तोंच आजारानें मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता आपल्या नांवावर पुढें चालवून ॲडॅमसन व क्लाउझर या दोघां एंजिनियरांकडून काम तडीस नेलें. परक्या मुलुखांत नवरा गमावलेल्या बाईनें त्या काळीं एवढा व्याप सोडून न देतां पुरा करावा ही गोष्ट सामान्य नव्हे. बर्कलीलाही मार्ग पुरा झालेला पाहावयास मिळाला नाहीं. तो १८६२ सालीं इंग्लंडांत वारला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यानें घाट खुला केला. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक याच सालचें.

बर्कली, फ्रिअर, ट्रेडवेल हीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत, कारण तीं लिहून ठेविलेलीं आहेत. या आठ वर्षांत घाटांत मेलेल्या मजुरांची संख्या सुमारें पंचवीस हजार असावी असा अंदाज आहे. त्यांपैकीं एकाचेंही नांव सांगतां येत नाहीं. पंचवीस हजार म्हणजे १७७९ सालीं पुण्यावर चालून आलेल्या लढाऊ फौजेच्या सहापट माणसें. आणि मुंबई-पुण्याचा प्रवास किती तासांनीं कमी झाला याचा हिशेब जेव्हां जेव्हां दिला जातो तेव्हां या माणसांचीं वर्षें त्यांत धरलेलीं नसतात.

लोकांनीं मात्र आपल्या रीतीनें एक नांव जतन केलें आहे. जुन्या बोरघाटाच्या रस्त्यावर शिंगरोबाचें लहानसें देऊळ आहे. शिंगरोबा हा घाटांत मेंढरें चारणारा धनगर. साहेबाला वाट सांपडेना तेव्हां त्यानें ती दाखविली, आणि वाट सांपडतांच साहेबानें त्याला ठार केलें, अशी कथा सांगतात. कोणी ती रस्त्याची म्हणून सांगतात, कोणी आगगाडीची. ही दंतकथा आहे. तिला कागदाचा आधार नाहीं. तरी पण मालमोटारींचे चालक त्या वळणावर गाडी हळू करून देवळापुढें नाणें टाकीत आले आहेत. दप्तरांत ज्यांची नोंद नाहीं त्यांचें देणें कोणीतरी कोठें तरी फेडीत आहे, एवढा अर्थ त्यांतून काढला तर इतिहासकारानें रागावूं नये.

आगगाडीनें दोन शहरें किती जवळ आणिलीं याचें एक उदाहरण पुरे. राष्ट्रसभेची पहिली बैठक १८८५ च्या डिसेंबरांत पुण्यास भरावयाची ठरली होती. ऐन वेळीं पुण्यांत पटकीची सांथ दिसूं लागली, आणि सभा मुंबईस हालविण्यांत आली. २८ डिसेंबरला ती गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निघालेल्या सभेचें स्थळ शेवटच्या दिवसांत एका शहरांतून दुसऱ्यांत हालवितां यावें, याला मध्यें लोहमार्ग असावाच लागतो. घाट मात्र वश झाला नव्हता. १८६७ सालींच त्यांतला एक मोठा कमानींचा पूल कोसळला होता. आणि खंडाळ्याजवळ गाडीला एका टोंकावर थांबून, एंजिन फिरवून, उलट दिशेनें पुढचा चढ चढावा लागे. हा उलटफेर १९२९ सालीं नवे बोगदे काढून बंद केला. त्याच सुमारास वीज आली, आणि १ जून १९३० रोजीं ‘दख्खनची राणी’ धांवूं लागली. आरंभीं ती आठवड्याच्या अखेरीस हवा पालटावयास व शर्यतींस जाणाऱ्या शौकीन मंडळींची होती. नित्य नोकरीस जाणाऱ्यांची ती मागाहून झाली. तिला पावणेतीन तास लागत. आज तीच गाडी तीन तासांहून कांहीं मिनिटें अधिक घेते. नव्वदांहून अधिक वर्षांत एंजिनें बदललीं, डबे बदलले, आणि वेळ वाढला! याचें कारण गाडीच्या अंगीं नाहीं. मार्गावरच्या गर्दींत आहे. ज्या वाटेनें सगळ्यांनाच लौकर जावयाचें असतें तिच्यावर कोणालाच फार लौकर जातां येत नाहीं.

‘राणी’ला दोन वर्षें झालीं आणि या प्रांतांत टपालाचें विमान आलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. तेथून टपाल पुढें बल्लारीमार्गें मद्रासेस गेलें. पुण्यास तें थांबावयाचें नव्हतें. मद्रासचें टपाल विमानानें नेण्यांत दिवस वांचत होते. पुण्याचें नेण्यांत काय वांचणार? लोहगांवचा विमानतळ १९३९ सालीं झाला, तोही पुणेकरांच्या सोयीसाठीं नव्हे, तर मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं. पुढें उतारूंचीं विमानें या दोन शहरांमध्यें सुरू झालीं, बंद पडलीं, पुनः सुरू झालीं. एका विमानतळापासून दुसरा आकाशमार्गें सुमारें १२५ किलोमीटर. अंतराळांत अर्धा तास पुरतो. पण त्या अर्ध्या तासासाठीं घरून विमानतळ गांठावयाचा, तेथें तासभर आधीं हजर राहावयाचें, आणि उतरल्यावर पुनः शहर गांठावयाचें. १८५८ सालच्या उतारूचीं टोंकें वेगवान होतीं आणि मध्य अडला होता. विमानाच्या उतारूचा मध्य वेगवान असतो आणि टोंकें अडतात. बेरीज दोघांचीही फसते. विमानाला घाटच नाहीं असें आपण म्हणतों. पण त्याचे दोन घाट दोन्ही शहरांच्या रस्त्यांवर असतात. म्हणून सगळ्यांत सरळ अशी ही वाट सगळ्यांत कमी रुळलेली राहिली.

रस्त्यानें मात्र पुनः उचल घेतली. २००२ सालीं कळंबोलीपासून देहूरोडच्या बाजूस येणारा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग पुरा झाला. त्यानें पनवेल, खोपोली, लोणावळें, तळेगांव हीच माल्कमची, आणि त्यापूर्वींची पालख्यांची दिशा धरली आहे. सपाटीवर तो वाऱ्यासारखा जातो. खंडाळ्याच्या चढावर जुना व नवा असे दोन्ही रस्ते कांहीं ठिकाणीं एकत्र येतात, आणि तेथें मालमोटारी एकामागें एक लागल्या, किंवा पावसांत दरड खालीं आली, कीं सगळी घाई जागच्या जागीं उभी राहते. एगर्टनचे बैल आठवावे अशीच ती स्थिति. हा तुकडाच टाळावा म्हणून २०१९ पासून नवे पूल व बोगदे हातीं घेण्यांत आले. त्यांतला मोठा बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरांचा असून लोणावळ्याच्या तलावाच्या खालून जातो. अडीचशें वर्षांत जो जो या वाटेला लागला त्याला शेवटीं याच चार-पांच कोसांशीं झगडावें लागलें आहे.

आगगाडीनें जाणाऱ्याला हें अजून डोळ्यांनीं दिसतें. मुंबईहून निघालेल्या बहुतेक गाड्या कर्जतेस थांबतात, त्या केवळ उतारूंसाठीं नव्हे. पुढचा चढ एकट्या एंजिनाला झेंपत नाहीं म्हणून मागून आणखी एंजिनें लावितात. त्यांचा धक्का डब्यांत जाणवतो, कोणाचा चहा सांडतो, फलाटावर वडेवाल्यांची धांदल उडते. मग गाडी हळूहळू हालते, पहिला बोगदा येतो, आणि दिवे लागतात.